कबीरवड, शुक्लतीर्थची जत्रा आणि आपण सुरतकर मराठी



दिवाळी आटोपून गावाकडून परत आलं की आपल्या नवागाम-दिंडोलीच्या सोसायट्यांमध्ये दरवर्षी एकच चर्चा निघते. पोरांना अजून दोन-चार दिवस सुट्टी आहे, कुठं जायचं? कोणी सापुतारा म्हणतं, कोणी डुमस. एखादं घर हमखास म्हणतं, "चला, कबीरवडला जाऊ." मग डबे भरायचे, उधन्याहून गाडी धरायची, भरूचला उतरायचं आणि तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर शुक्लतीर्थ. पुढं मढीवरून होडीत बसून नर्मदेतलं बेट. पोरं पारंब्यांना लोंबकळतात, बायका सावलीत डबे उघडतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी भरूचची खारी शिंग घेऊन मंडळी घरी.

यात चूक काही नाही. पण ज्या झाडाखाली आपण पुरी-भाजी खातो, त्याच्या गोष्टीत आपल्या पेशव्यांचा आणि शिंद्यांचा धागा आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. आणि त्या बेटावरचे सण ज्या नदीच्या भरवशावर चालतात, त्या नदीचं वेळापत्रक आता बदललं आहे, हे तर त्याहून कमी जणांच्या ध्यानात येतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी दंतकथा. तत्त्वा आणि जीवा नावाचे दोन भाऊ खऱ्या गुरूच्या शोधात होते. त्यांनी वडाची एक वाळकी काडी जमिनीत रोवली. जो साधू येईल त्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी काडीला घालायचं. ज्याच्या चरणतीर्थानं काडीला पालवी फुटेल तो आपला गुरू. पुष्कळ साधू आले-गेले, काडी वाळकीच राहिली. शेवटी कबीर आले आणि काडी हिरवी झाली. तोच हा कबीरवड. बेटावर कबीरांचं मंदिर आहे आणि कबीरपंथी लोक श्रद्धेनं येतात.

आता इतिहास. १७७५ सालच्या मार्चमध्ये आपल्या या सुरतेत रघुनाथराव पेशव्यांनी इंग्रजांशी तह केला. बारभाईंनी पुण्यातून बाहेर काढलेले राघोबादादा गादीसाठी इंग्रजांची फौज मागत होते. ही फौज कर्नल कीटिंगच्या हाताखाली गुजरातेत उतरली आणि मे महिन्यात आणंदजवळ अडासला मराठ्यांशी तिची लढाई झाली. या कीटिंगचा चिटणीस म्हणून जेम्स फोर्ब्ज नावाचा पंचविशीतला इंग्रज सोबत होता. त्याला चित्रं काढायचा आणि सगळं टिपून ठेवायचा नाद. पुढं भरूचला आणि डभोईला कंपनीची नोकरी करताना त्यानं हा वड नीट पाहिला. विलायतेला परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, १८१३ मध्ये, त्यानं 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा चार खंडांचा ग्रंथ छापला आणि कबीरवड युरोपभर माहीत झाला.

फोर्ब्जनं दिलेले आकडे वाचण्यासारखे आहेत. मुख्य खोडांचा घेर धरला तर सुमारे २,००० फूट. मोठी खोडं ३५०, लहान ३,००० पेक्षा जास्त. सात हजार माणसं या एका झाडाच्या सावलीत आरामात बसतील असं त्या काळी म्हणत. त्यानं असंही लिहिलंय की ठराविक दिवसांत इथं हिंदूंच्या जत्रा भरतात आणि लांबलांबून हजारो लोक येतात. शिकारीला आलेले साहेब लोक तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे इथं राहत. म्हणजे 'पर्यटनस्थळ' हा फलक लागण्याच्या अडीचशे वर्षं आधीच हे बेट लोकांचं होतं, भक्तांचं आणि हौशींचं दोघांचंही.

आता शिंद्यांचं. वडगावच्या लढाईनंतर पेचात सापडलेल्या इंग्रजांशी महादजी शिंदे सभ्यतेनं वागले, त्याची जाण म्हणून सालबाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये, कंपनीनं भरूच महादजींना दिलं. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते परत घेतलं. मधली वीस वर्षं भरूचवर शिंद्यांचा अंमल होता. फोर्ब्जला डभोई सोडावी लागली ती याच तहामुळे. आपली पोरं शाळेत 'सालबाईचा तह' घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. पुढच्या वेळी होडीत बसल्यावर त्यांना हे सांगा, बघा कसं लक्षात राहतं.

सुरतेचा आणखी एक धागा आहे. आमलीरानातले कवी नर्मद (१८३३ ते १८८६) यांनी कबीरवडावर कविता लिहिली. ती गुजराती शाळांत शिकवली जाते. आपली नातवंडं गुजराती माध्यमात असतील तर त्यांना विचारा. कदाचित तीच तुम्हाला शिकवतील.

जत्रेचं म्हणाल तर मोठी जत्रा बेटावर नव्हे, काठावर शुक्लतीर्थला भरते. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा असे पाच दिवस. आपल्याकडे याच एकादशीला पंढरपूरची कार्तिकी वारी, आणि पौर्णिमा म्हणजे त्रिपुरी. गुजरातेत तिला देवदिवाळी म्हणतात. तिकडं चंद्रभागेचं वाळवंट फुलतं त्याच दिवसांत इकडं नर्मदेचं. इंग्रजी आमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या जत्रेला सुमारे २५,००० लोक येतात अशी नोंद आहे. आगगाडी आणि बैलगाडीच्या काळात हा आकडा लहान नाही.

त्या गॅझेटियरमध्येच एक सुंदर गोष्ट आहे. चंद्रगुप्त आणि चाणक्य भावांच्या हत्येचं पाप धुवायला इथं आले, काळं शीड लावलेल्या नावेत बसले आणि शुक्लतीर्थापाशी ते शीड पांढरं झालं. शुक्ल म्हणजे पांढरं, त्यावरून हे नाव. साध्या माणसाला नाव कुठून परवडणार? म्हणून लोक मडक्यात पेटता दिवा ठेवून तो पाण्यात सोडत. दिवा वाहत गेला की वर्षाचं पाप त्याच्यासोबत गेलं. पापाची वजावट इतक्या स्वस्तात करून देणारी दुसरी जागा मी तरी पाहिली नाही.

या जत्रेला पाटीदार शेतकरी येतात, वसावा आदिवासी कुटुंबं येतात, भरूच-अंकलेश्वरचे कामगार येतात आणि सुरतेचे आपण मराठी. आपल्यात नारेश्वरला जाणारे पुष्कळ आहेत, कारण तिथले रंगअवधूत महाराज मूळच्या कोकणातल्या मराठी घराण्यातले. गरुडेश्वरला टेंब्येस्वामींची समाधी आहे. दत्तभक्त घरं नारेश्वर आणि कबीरवड एकाच फेरीत करतात. शिवाय नर्मदा परिक्रमेत मराठी माणूस दर मुक्कामाला भेटतो. चातुर्मास संपला की परिक्रमावासी निघतात, म्हणजे जत्रेच्या सुमारासच. पण गंमत पहा, परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. म्हणून शुक्लतीर्थला मुक्काम करणारा परिक्रमावासी समोरच्या कबीरवडाला काठावरूनच हात जोडतो, बेटावर पाय ठेवत नाही. ओंकारेश्वरलाही हाच नेम, परिक्रमा पुरी झाल्यावरच बेटावरच्या देवाचं दर्शन.

कार्तिकानंतर बेटाचं वर्ष पुढं असं जातं. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती. मग उन्हाळ्याची सुट्टी. आणि ज्येष्ठ पौर्णिमेला कबीर जयंती. ती आपली वटपौर्णिमासुद्धा! एकाच तिथीला कबीरही आणि वडही. आपण मात्र त्या दिवशी बाजारातून तोडलेली फांदी दहा-वीस रुपयांना आणून फ्लॅटमध्ये पुजतो. त्यानंतर पाऊस, आणि पाऊस म्हणजे नदी आपली नाही. होड्या ओढून वर ठेवायच्या.

हे चक्र मला पुस्तकातून नाही, कर्जाच्या खात्यातून कळलं. ऐंशीच्या दशकात मी भरूच जिल्ह्यात बँकेत होतो. आयआरडीपी योजनेत नावाड्यांना होडीसाठी कर्ज दिलं जाई. हप्ता दरमहा सारखा. कागदावर सगळं ठीक, पण आषाढ आला की खाती थकायची आणि कार्तिक उलटला की तोच माणूस नोटांची पुरचुंडी घेऊन दारात हजर. एका म्हाताऱ्या नावाड्यानं मॅनेजर साहेबांना सांगितलं, "साहेब, तुमचं वर्ष मार्चला संपतं, आमचं पावसाला संपतं." मॅनेजर शहाणे होते. त्यांनी वरच्या ऑफिसला लिहून हप्ते बदलून घेतले, कार्तिक ते ज्येष्ठ भरायचे आणि चार महिने काही नाही. वसुली सुधारली. कॉमर्सच्या पदवीत जे शिकलो नव्हतो ते या एका वाक्यात शिकायला मिळालं. बेटावरचा धंदा, सण, देणं-घेणं सगळं नदीच्या पंचांगावर चालतं.

हे पंचांग कडक असलं तरी ओळखीचं होतं. नदीनं या झाडाला कधी सोडलं नाही. फोर्ब्जच्या वेळीच पुरांनी बराच भाग वाहून गेलेला होता. १८२५ मध्ये बिशप हेबर आला, त्यानंही लिहिलं की पुष्कळ गेलंय, पण उरलंय तेही भव्य आहे. १९७० च्या महापुरात भरूचच्या गोल्डन ब्रिजपाशी पाणी ४१ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी २४ फूट आहे, यावरून कल्पना करा. तरी वड टिकला, कारण वडाचं शास्त्रच वेगळं. पारंबी जमिनीला टेकली की मूळ धरते, जाड होते, खोड बनते. मूळ खोड गेलं तरी झाड पुढं सरकत राहतं. आज कबीरवडात पहिलं खोड कुठलं हे कोणी सांगू शकत नाही. आपली खानदेशातून आलेली घरं आठवा. जळगाव-धुळ्याचं मूळ खोड मागं राहिलं आणि पारंबी इथं नवागामात टेकली.

आता बदल. सरदार सरोवर २०१७ मध्ये पूर्ण होऊन दरवाजे बंद झाल्यापासून खालच्या नर्मदेत पाणी किती, हे पावसापेक्षा धरणावरून जास्त ठरतं. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या उन्हाळ्यात, खालचं पात्र इतकं आटलं की भरूचकडे समुद्राचं खारं पाणी वर चढल्याची ओरड झाली. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उलट. धरण भरलं, एकदम मोठा विसर्ग झाला, गोल्डन ब्रिजपाशी पाणी ४० फुटांवर गेलं आणि भरूच-अंकलेश्वर आणि काठची गावं पाण्याखाली गेली. धरणानं पाणी दिलं, वीज दिली, कच्छपर्यंत नर्मदा पोचवली, हे मी मुळीच नाकारत नाही. माझ्याही नळाला पाणी हवंच. पण नावाड्याचं जुनं पंचांग आता पुरत नाही. पाणी उतरलं की होडी वाळूत रुतते, भाडं बुडतं. अचानक वाढलं की जीवाला धोका.

धोक्याचं बोलायलाच हवं. मे २०२४ मध्ये नर्मदेवर पोइचाला सुरतहून गेलेल्यांपैकी सात जण बुडाले, त्यांत लहान मुलं होती. नदी वरून शांत दिसते. खाली जिथं वाळू उपसलेली असते तिथं गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. आपण तापीकाठचे, पण आपल्यातल्या निम्म्या पोरांना पोहता येत नाही. शुक्लतीर्थला नावाडी जिथं सांगेल तिथंच आंघोळ, तीही काठाला बसून तांब्यानं. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, पोरांना आधी. जॅकेट नसेल किंवा माणसं जास्त कोंबली असतील तर उतरा, पुढच्या होडीनं जा. दहा मिनिटं उशीर झाला तर वड कुठं पळून जात नाही.

आणि वडासाठी एक विनंती. कोवळी पारंबी जमिनीला टेकण्याआधी तुटली तर पुढचं एक खोड गेलं. पुरानं नेलेलं झाड पारंब्यांनी भरून काढलं, पण पोरांनी झोके घेऊन तोडलेल्या पारंब्या कशानं भरून काढणार? खोडांवर चाकूनं नावं कोरू नका. प्लॅस्टिकची ताटं परत पिशवीत घालून आणा. बेटावरच्या माणसाकडून नारळ, चहा, भजी घ्या. चार पैसे त्याच्याकडे राहिले तर तो त्या झाडाला राखेल.

यंदा देवदिवाळीला जाणार असाल तर घरातल्या लहानांना राघोबादादांची, फोर्ब्जची आणि काळ्या शिडाची गोष्ट नक्की सांगा. एखादी आजी सोबत असेल तर काठावरून एक दिवा सोडा, द्रोणातला, थर्माकोलचा नको. आणि ज्यांच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातल्या कबीरवड सहलीचे कृष्णधवल फोटो असतील, त्यांनी खाली टाका. तेव्हाचं झाड आणि आताचं झाड शेजारी ठेवून बघता येईल की अडीचशे वर्षांत नदीनं किती नेलं आणि गेल्या पन्नास वर्षांत आपण किती.

नर्मदे हर.