दहा गुंठे

आयर्लंडच्या टूरमध्ये कूल पार्कला जेमतेम पाऊण तास मिळतो. गॉलवेहून दक्षिणेला, गॉर्ट गावाजवळची ही जुनी जहागीर. घर 1941 मध्येच पाडलं, राहिला फक्त चौथरा. बघायचं ते एक तांबूस पानांचं बीचचं झाड. त्याच्या खोडावर येट्स, बर्नार्ड शॉ, शॉन ओकेसी यांनी आपापली आद्याक्षरं कोरलेली आहेत. लेडी ग्रेगरी पाहुण्यांना तिथे नेऊन सही घ्यायच्या. आमच्या ग्रुपने झाडाभोवतीच्या कुंपणाला टेकून फोटो काढले. मीही काढले.

मला मात्र त्यांच्या नवऱ्याबद्दल ऐकायचं होतं. गाइड नाटकांवर छान बोलली, त्याच्यावर एकच वाक्य.

1845 पासून बटाट्यावर रोग पडत गेला. सरकारने आधी रस्त्यांची कामं काढली. मार्च 1847 मध्ये त्या कामांवर सात लाखांवर माणसं होती. दुष्काळी कामावर खडी फोडलेले आजी-आजोबा ज्यांच्या घरात आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. मग कामं बंद करून मदतीचा भार स्थानिक करांवर टाकायचं ठरलं. त्या कायद्यात विल्यम ग्रेगरी या तरुण खासदाराने एक कलम घालून घेतलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. हवी असेल तर जमीन सोडा.

पाव एकर म्हणजे दहा गुंठे. आपल्याकडे गुंठ्याचा भाव माहीत नसलेला माणूस विरळा. पण इथे प्रश्न भावाचा नव्हता. जमीन कुळाची नव्हतीच, खंडाने घेतलेली. ती सोडली की बहुतेकदा झोपडीही जायची, आणि मागे पुढच्या वर्षीचं पेरायला काही उरायचं नाही. त्यात आणखी एक मेख होती. चार पौंडांखालच्या जमिनीवरचा गरीब-कर कुळाऐवजी मालकाला भरावा लागे. म्हणजे लहान कूळ हटलं की कर वाचला, आणि मोकळ्या रानात गुरं चारता आली. उपाशी माणसाला हाकलायला मालकाला काही बोलावंही लागत नव्हतं. कलमच ते काम करायचं.

ग्रेगरी राक्षस नव्हता. स्वतःच्या कुळांशी तो बरा वागायचा असं म्हणतात. घोड्यांच्या शर्यतीत त्याने आपलीच बरीचशी जहागीर घालवली. पण कायदा केवळ त्याच्या कुळांपुरता नव्हता. 1872 मध्ये तो सिलोनचा गव्हर्नर झाला. दुष्काळात लंडनच्या तिजोरीची किल्ली सांभाळणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन त्याआधीच, 1859 मध्ये, मद्रासचा गव्हर्नर होऊन गेला होता. बढतीची वाट आपल्याकडूनच जात होती.

दुपारी बस बरेनच्या खडकाळ टेकड्यांमधून गेली. मैलोन्‌मैल हिरवं, मोकळं. अधूनमधून छप्पर नसलेल्या दगडी भिंती. 1841 मध्ये या बेटावर 81 लाखांहून जास्त माणसं होती. तेवढी ती अजूनही झालेली नाहीत. मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, ‘‘किती शांत आहे ना इथे!’’