रंगावरून प्रजाती ठरत नाही
* नागपूर परिसरातही आढळणारा झाडबेडूक, पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस, आपला रंग फिकट-गडद करतो. म्हणून प्रजाती ओळखताना रंगावर दिलेला भर आम्हाला पटत नाही. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून २०१३ साली वर्णिलेल्या राओर्चेस्टिस घाटेई या झुडूपबेडकाच्या पाठीचा रंगही एकसारखा नसतो. त्याचे वेगळेपण आनंद पाध्ये व सहकाऱ्यांनी मुस्कटाची ठेवण, नराच्या दंडावरचा काटा अशा अनेक लक्षणांच्या मेळातून दाखवले, जनुकीय तपासणीही केली. मग नुसता डीएनए पुरणार नाही का? नाही. प्रजातीचे नाव संग्रहालयातल्या प्ररूप नमुन्याशी, म्हणजे नावाचा आधार ठरवलेल्या नमुन्याशी, बांधलेले असते आणि फॉर्मॅलिनमधल्या जुन्या नमुन्यातून डीएनए मिळवणे फार अवघड. तिथे तुलना शरीररचनेवरूनच करावी लागते.