ओमान : वाळवंट, सागर आणि पाण्याच्या वाटणीचा देश

अरबी द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाला वसलेला ओमान हा अरब जगतातील सर्वांत जुन्या स्वतंत्र राज्यांपैकी एक मानला जातो. पश्चिमेला सौदी अरेबिया, वायव्येला संयुक्त अरब अमिराती आणि नैऋत्येला येमेन हे त्याचे शेजारी देश आहेत. पूर्वेला अरबी समुद्र, तर उत्तरेला ओमानचे आखात पसरलेले आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढे आहे. लोकसंख्या मात्र ५० लाखांच्या आसपास असून, त्यातही ४० टक्क्यांहून अधिक लोक परदेशी नागरिक आहेत. मस्कत ही देशाची राजधानी आहे.

भूरचना आणि हवामान

देशाचा बहुतांश भाग दगडगोट्यांच्या सपाट वाळवंटाने व्यापलेला आहे. पश्चिम सीमेवर ‘रुब अल खाली’ अर्थात ‘रिकामा चतुर्थांश’ या नावाने ओळखले जाणारे विशाल वालुकामय वाळवंट सुरू होते. उत्तरेस हजर पर्वताची रांग असून, तिच्यातील जबल शम्स हे शिखर सुमारे ३ हजार मीटर उंच आहे. पर्वत आणि समुद्र यांच्यामधील बातिना ही चिंचोळी किनारपट्टी शेतीसाठी प्रसिद्ध आहे. उत्तर टोकाचा मुसंदम हा प्रदेश अमिरातीच्या भूमीमुळे उर्वरित ओमानपासून तुटलेला असला, तरी होर्मुझच्या सामुद्रधुनीवरील त्याच्या स्थानामुळे त्याला जागतिक महत्त्व आहे.

वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या देशात उन्हाळा अत्यंत कडक असतो. जून २०१८ मध्ये कुरियात या किनारी गावात सलग २४ तास तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलेच नाही. दक्षिणेकडील धोफार प्रांताचे चित्र मात्र वेगळे आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे सलालाह शहरामागील डोंगरांना अडतात आणि संपूर्ण परिसर धुके, रिमझिम पाऊस व हिरवळीने भरून जातो. या ऋतूला तेथे ‘खरीफ’ म्हणतात. आपल्याकडील ‘खरीप’ हंगामाचे नावही याच अरबी शब्दावरून आले आहे.

फलज : पाण्याचा सामाईक वारसा

ओमानमध्ये बारमाही नदी नाही. तरीही येथील गावे शतकानुशतके टिकून राहिली, ती ‘फलज’ या सिंचन व्यवस्थेमुळे. डोंगराच्या पायथ्याशी असलेले भूजल किंवा झऱ्याचे पाणी भुयारी व उघड्या कालव्यांमधून केवळ उताराच्या आधारे गावापर्यंत आणले जाते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. गावात पोहोचलेले पाणी प्रथम पिण्यासाठी, नंतर मशीद व स्नानासाठी आणि शेवटी खजुराच्या बागा व शेतांसाठी वापरले जाते.

शेतीच्या पाण्याचे हिस्से वेळेनुसार ठरतात. ही वेळ दिवसा सूर्यघडीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या स्थितीवरून मोजण्याची पद्धत होती. गावाने नेमलेला वकील या वाटपावर देखरेख ठेवतो. पाण्याच्या काही पाळ्यांचा लिलाव करून येणारी रक्कम कालव्यांच्या दुरुस्तीसाठी वापरली जाते. देशात आजही सुमारे ३ हजार फलज वापरात असून, त्यांपैकी ५ फलजांचा समावेश युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत केला.

हा वारसा आज संकटात आहे. पंपांच्या साहाय्याने होणाऱ्या उपशामुळे भूजलाची पातळी खालावत आहे. बातिना किनारपट्टीवर अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी विहिरींमध्ये शिरले असून, अनेक बागा नापीक झाल्या आहेत. शहरांना पिण्याचे पाणी प्रामुख्याने समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पांमधून मिळते. दुसरीकडे, अचानक येणारे पूर आणि चक्रीवादळे यांचाही धोका आहे. जून २००७ मधील ‘गोनू’ आणि ऑक्टोबर २०२१ मधील ‘शाहीन’ या वादळांनी मोठी हानी केली. एप्रिल २०२४ मधील पुरात शाळकरी मुलांसह किमान १९ जणांचा मृत्यू झाला.

इतिहास

धोफारमधील लोबान, म्हणजे विशिष्ट झाडाच्या सालीतून पाझरणारा सुगंधी डिंक, प्राचीन काळी भूमध्य समुद्रापर्यंत निर्यात होत असे. सातव्या शतकात ओमानने इस्लामचा स्वीकार केला. पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये मस्कत जिंकले. १६५० मध्ये ओमानी सैन्याने त्यांना तेथून हुसकावून लावले. त्यानंतर ओमान ही हिंदी महासागरातील प्रबळ आरमारी सत्ता बनली. १८व्या शतकाच्या मध्यापासून अल बू सईद घराणे सत्तेवर आहे. १९व्या शतकात या घराण्याच्या सुलतानाने आपली राजधानी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर हलवली होती. लवंगांबरोबरच गुलामांचा व्यापारही या साम्राज्याच्या संपत्तीचा आधार होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.

२३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस यांनी वडील सुलतान सईद यांना पदच्युत करून सत्ता हाती घेतली. त्यावेळी देशात मोजक्याच शाळा आणि जेमतेम १० किलोमीटर पक्का रस्ता होता. १९६७ मध्ये सुरू झालेल्या तेल निर्यातीच्या उत्पन्नातून त्यांनी रस्ते, रुग्णालये आणि विद्यापीठ उभारले. १० जानेवारी २०२० रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे चुलत बंधू हैथम बिन तारिक सुलतान झाले.

लोकजीवन आणि संस्कृती

अरबी ही राजभाषा असली, तरी बलुची, स्वाहिली, मेहरी, जिब्बाली आणि कुमझारी या भाषाही बोलल्या जातात. सुन्नी व शिया यांच्याहून वेगळ्या अशा इबादी पंथाचे अनुयायी येथे मोठ्या संख्येने आहेत. पुरुषांच्या पोशाखात पायघोळ दिशदाशा आणि भरतकाम केलेली ‘कुम्मा’ टोपी असते. समारंभप्रसंगी कमरेला ‘खंजर’ लावला जातो; राष्ट्रध्वजावरही त्याचे चिन्ह आहे. पाहुण्यांचे स्वागत वेलदोडा घातलेली कहवा, खजूर आणि ओमानी हलवा देऊन केले जाते. ईदच्या वेळी मसाला लावलेले मांस जमिनीतील भट्टीत दीर्घकाळ भाजून ‘शुवा’ हा पदार्थ बनवतात. साहित्यक्षेत्रात जोखा अल हारथी यांना २०१९ चा आंतरराष्ट्रीय मॅन बुकर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अरबी भाषक लेखिका ठरल्या.

भारताशी संबंध

मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांमुळे मस्कत आणि भारताचा पश्चिम किनारा शतकानुशतके जोडलेले होते. कच्छमधील व्यापारी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून मस्कतमध्ये स्थायिक आहेत. १९७० पर्यंत तेथे रुपयाच चलनात होता. आजच्या ओमानी रियालचे १ हजार ‘बैसा’ होतात. या नाण्याचे नाव आपल्या पैशाची आठवण करून देते. १९३२ मध्ये गादी सोडलेल्या सुलतान तैमूर यांचे १९६५ मध्ये मुंबईत निधन झाले. आज तेथे महाराष्ट्रासह विविध राज्यांतील लाखो भारतीय काम करतात.

पुढील वाटचाल

तेलाचे साठे अमर्याद नाहीत, याची जाणीव ठेवून ओमानने ‘व्हिजन २०४०’ हा आराखडा आखला आहे. स्थानिक तरुणांना रोजगार देण्यासाठी अनेक पदे ओमानी नागरिकांसाठी राखीव ठेवण्यात आली असून, त्याचा परिणाम परदेशी कामगारांवर होत आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कायद्यानुसार २०२८ पासून उच्च उत्पन्न गटावर ५ टक्के प्राप्तिकर लागू करण्याचे ठरले. आखाती देशांमधील हा पहिलाच वैयक्तिक प्राप्तिकर आहे. तेलाच्या संपत्तीने अर्ध्या शतकात देशाचे रूप पालटले. परंतु त्याहून कितीतरी जुन्या काळापासून येथील गावे तगली, ती मर्यादित पाणी ठरलेल्या पाळीने वाटून घेतल्यामुळे. तेलोत्तर काळातही ओमानसमोर मुख्य प्रश्न असेल तो अशाच न्याय्य वाटणीचा.