निळ्या जाळाची गोष्ट

आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची कडक भाकरी करून विकणाऱ्या बाया पुष्कळ. त्यांतल्या कितीतरी जणी आता गॅसच्या शेगडीवर भाकरी भाजतात. त्या शेगडीचा निळा जाळ मात्र मुळात स्वयंपाकघरातला नाही, प्रयोगशाळेतला आहे.

जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात रॉबर्ट बुन्सेन रसायनशास्त्र शिकवायचे. 1855 च्या सुमारास तिथं नवी प्रयोगशाळा झाली आणि दगडी कोळशाचा गॅस नळानं आत आला. त्याचा जाळ पिवळा, काजळीचा. दिव्याला बरा, भांडं तापवायला वाईट. बुन्सेन यांनी युक्ती काढली: गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळायची. नळीला खाली भोकं ठेवली, की गॅसच्या झोताबरोबर हवा आपोआप ओढली जाते. हा बर्नर घडवला पीटर डेसागा या कारागिरानं. नाव राहिलं बुन्सेन यांचं. कारागिरांचं असंच होतं. आपल्या शेगडीतही तीच युक्ती आहे.

टाकीतला गॅस ‘इंडेन’ नावानं 1965 साली कोलकात्यात आला. खेड्यांत तो वाढला 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर. हा गॅस दाबून पातळ केलेला असतो, म्हणून टाकी हलवली की डुचमळते. रेग्युलेटर उघडला की त्या पातळाचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी ऊब तो टाकीतूनच घेतो. खूप वेळ जाळ चालला की टाकी गार लागते, ती त्यामुळं. इथं पदार्थ तोच, रूप बदललं. भाकरीतल्या पाण्याची वाफ होऊन ती फुगते, तसंच. काडी लावली की मात्र गोष्ट वेगळी. गॅस आणि हवेतला प्राणवायू मिळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो. गॅस उरत नाही. गार पातेल्याच्या बुडाला क्षणभर ओल धरते, ते जाळातलंच पाणी.

आमटी उतू गेली की जाळ घटकाभर पिवळा चमकतो, तो मिठामुळं. अशा रंगांवरूनच बुन्सेन आणि किरखॉफ यांनी 1860-61 मध्ये सीझियम आणि रुबिडियम हे दोन नवे धातू शोधले.

पण जाळ सतत पिवळा राहिला, तर हवा कमी पडतेय. न जळलेला कार्बन तव्याला काजळी होऊन चिकटतो, म्हणजे पैशाचा गॅस वाया. शिवाय विषारी कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो, त्याला ना रंग ना वास. दार लावून तासन्‌तास भाकरी भाजणाऱ्यांनी हे ऐकाच. शेगडी बंद करून गार होऊ द्या, बर्नरच्या भोकांतलं पीठ ब्रशनं काढा. तरी पिवळाच राहिला, तर गॅसच्या मेकॅनिकला बोलवा, स्वतः जेट टोकरू नका. आणि भाजताना खिडकी उघडी ठेवा.