मानवी पाणतीर
शत्रूच्या बंदरात पाण्याखालून शिरण्यासाठी पाणबुडे सैनिक ज्यावर स्वार होतात, असे पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) आकाराचे वाहन. नेहमीचा पाणतीर लक्ष्यावर आदळून फुटतो. मानवी पाणतीराचा पुढचा स्फोटक भाग मात्र स्वार शत्रुनौकेच्या तळाशी ठेवतात, त्यावरील कालदर्शक स्फोटयंत्र सुरू करतात आणि उरलेल्या वाहनावरून माघार घेतात. चालकासह लक्ष्यावर आदळणारे जपानचे ‘काइतेन’ हे आत्मघातकी अस्त्र याहून भिन्न होय.

या अस्त्राचा पहिला यशस्वी उपयोग इटलीने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केला. १ नोव्हेंबर १९१८ रोजी राफाएले रोस्सेत्ती व राफाएले पाओलुच्ची यांनी पोला बंदरात ‘मिन्यात्ता’ (जळू) या वाहनाच्या साहाय्याने ‘व्हीरिबुस ऊनितिस’ ही युद्धनौका बुडविली. ऑस्ट्रिया-हंगेरीने ती आदल्याच दिवशी दक्षिण स्लाव्हांच्या राष्ट्रीय परिषदेच्या स्वाधीन केली होती, हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

ही कल्पना तेसेओ तेसेई व एलिओस तोस्की या इटालियन नौसेनेतील अभियंता-अधिकाऱ्यांनी १९३५ नंतर ला स्पेत्सिया येथे विकसित केली. त्यांचे ‘मंदगती पाणतीर’ सु. ७ मी. लांब व ५३ सेंमी. व्यासाचे होते. विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या या वाहनाचा वेग ताशी जेमतेम ४ ते ५ किमी. असे. हाताळण्यास ते इतके हट्टी होते, की स्वारांनी त्याचे नाव ‘मायाले’ (डुक्कर) असे ठेवले. पाण्यावर बुडबुडे येऊ नयेत म्हणून ते शुद्ध ऑक्सिजनाची बंदिस्त श्वसनयंत्रे वापरीत. पण अधिक खोलीवर शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरत असल्याने त्यांना उथळ पाण्यातूनच जावे लागे. आरंभीच्या मोहिमांची किंमत जबर होती. १९४० मध्ये ‘इरिदे’ व ‘गोंदार’ या वाहक पाणबुड्या बुडाल्या व तोस्की कैद झाला; जुलै १९४१ मध्ये माल्टावरील हल्ल्यात तेसेई मारला गेला.

सर्वांत मोठे यश अलेक्झांड्रिया येथे मिळाले. १८ डिसेंबर १९४१ च्या रात्री बोर्गेझेच्या ‘शिरे’ या पाणबुडीने बंदराबाहेर तीन मायाले सोडले. ब्रिटिश विनाशिकांसाठी बंदराच्या मुखावरील अडथळा उघडताच त्यांच्यामागोमाग सहा स्वार आत शिरले. मार्चेल्या व स्केर्गात यांनी ‘क्वीन एलिझाबेथ’ या युद्धनौकेच्या तळाखाली स्फोटक टांगले. मार्तेल्लोत्ता व मारीनो यांनी ‘सागोना’ ही तेलवाहू नौका निवडली. ‘व्हॅलिअंट’ खाली मायाले बंद पडल्याने दुरान्द दे ला पेन्ने याने ते एकट्याने चिखलातून ओढत नेले. तो व त्याचा सहकारी ब्यांकी पकडले गेले. स्फोटकाची जागा सांगण्यास नकार दिल्यामुळे त्यांना त्याच नौकेच्या खालच्या भागात कोंडण्यात आले. स्फोटास थोडाच वेळ उरला असता त्याने कप्तान मॉर्गन यास खलाशांचे प्राण वाचविण्यासाठी इशारा दिला. जागा मात्र अखेरपर्यंत सांगितली नाही. पहाटे दोन्ही युद्धनौका तळाशी बसल्या. सहाही इटालियन कालांतराने कैद झाले.

तथापि या यशाचा लाभ इटलीला पुरता घेता आला नाही. ज्या उथळ पाण्यामुळे पाणबुड्यांना काम करता आले, त्याच पाण्यामुळे युद्धनौकांची वरची बाजू पाण्याबाहेर राहिली. नौकांवरील नित्याचे व्यवहार चालू ठेवून ब्रिटिशांनी हानी झाकली. पुढे दोन्ही नौका दुरुस्त होऊन सेवेत परतल्या. पूर्व भूमध्य समुद्रात त्या वेळी ब्रिटनजवळ अन्य युद्धनौका नव्हती. परंतु शत्रूच्या दुर्बलतेची पूर्ण खात्री वेळीच न झाल्याने ती संधी वाया गेली. सहा माणसांचे धैर्य नौसेनेच्या व्यूहरचनेची जागा घेऊ शकत नाही, हा या मोहिमेचा धडा होय.

ब्रिटिशांनी मायालेच्या धर्तीवर ‘चॅरिअट’ तयार केले आणि जानेवारी १९४३ मध्ये पालेर्मो बंदरात इटलीची ‘उल्पियो त्रायानो’ ही क्रूझर बुडविली. इटली दोस्तांच्या बाजूस आल्यानंतर मार्च १९४५ मध्ये तारांतो येथे दे ला पेन्नेच्या छातीवर सुवर्णपदक लावण्याचा मान मॉर्गन यास देण्यात आला. युद्धोत्तर काळात अनेक नौसेनांनी पाण्याने भरलेल्या कक्षातून सैनिक नेणारी वाहने स्वीकारली. त्यांचे मुख्य काम मात्र स्फोटक वाहण्यापेक्षा सैनिकांना गुप्तपणे किनाऱ्याजवळ पोहोचविणे हे झाले.