घशातला गोळा आणि पोटातला गोळा

१६०२ साली लंडनच्या न्यायालयात एलिझाबेथ जॅक्सन या वृद्धेवर चेटकाचा खटला चालला. मेरी ग्लोव्हर ही चौदा वर्षांची मुलगी. जॅक्सनने शिव्याशाप दिल्यापासून तिचा घसा आवळू लागला होता, अन्न उतरेनासे झाले होते, पोट फुगत होते, झटके येत होते. एडवर्ड जॉर्डन या वैद्याने साक्ष दिली की हा नैसर्गिक आजार आहे. न्यायमूर्ती अँडरसन यांनी त्याला विचारले, तुम्ही हिला बरी कराल काय? जॉर्डनला हमी देता येईना. ज्याचे नैसर्गिक कारण सांगता येत नाही आणि ज्यावर नैसर्गिक उपायही नाही, ते नैसर्गिक नव्हेच, असे न्यायमूर्तींनी बजावले. जॅक्सन दोषी ठरली.

पुढच्याच वर्षी जॉर्डनने या व्याधीवर एक पुस्तिका छापली. तत्कालीन इंग्रजीत गर्भाशयाला ‘मदर’ म्हणत आणि व्याधीलाही तेच नाव होते. गर्भाशय वर चढते, छाती दाबते, गळ्याशी येऊन गोळ्यासारखे अडकते, ही समजूत प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेली. ‘ग्लोबस हिस्टेरिकस’मधला ग्लोबस म्हणजे गोळाच. ‘किंग लिअर’च्या दुसऱ्या अंकात अपमानित राजा याच व्याधीला, तिचे लॅटिन नाव घेऊन, खाली जाण्यास दटावतो. टीपाकार बहुधा एका ओळीत ‘हिस्टेरिया’ म्हणून मोकळे होतात. एका वृद्ध पुरुषाच्या छातीत गर्भाशयाचा आजार उसळतो, हे त्या ओळीत हरवते आणि त्या आजाराचा प्रवास पोटाकडून गळ्याकडे आहे, हेही. मराठी वाचकाला खरे तर हे परके वाटू नये. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, दुःखाने घशात आवंढा दाटतो. आणि वायूची गती उलटी होऊन तो वर चढणे याला आयुर्वेदात उदावर्त असे नावच आहे.

गर्भाशयाची ही भटकंती पुढे ओसरली. स्त्रियांचा हिस्टेरिया आणि पुरुषांचा हायपोकॉन्ड्रिया यांत फारसा भेद नाही, असे सिडनहॅमने १६८२ मध्ये लिहिले. १७०७ मध्ये जॉन पर्सेलने घशातल्या गोळ्याचे कारण गळ्याच्या स्नायूंच्या आकुंचनात शोधले. १७६५ मध्ये एडिंबरोच्या रॉबर्ट व्हाइटने मज्जातंतूंमधून अवयवांची एकमेकांशी ‘सहानुभूती’ असते, असे मांडले. त्यानंतर मात्र शरीराची वाटणी झाली: घसा एका तज्ज्ञाकडे, आतडे दुसऱ्याकडे. एकाच माणसाचे पोट कधी बांधलेले तर कधी सैल असते, याचे वर्णन कमिंगने १८४९ मध्ये केले. त्यातून पुढे आजचा ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ ओळखला गेला. घशातला गोळा वेगळ्या पुस्तकात राहिला.

१९८८ च्या रोम येथील परिषदेतून निघालेल्या ‘रोम निकषां’नीही अन्ननलिकेचे विकार एका कप्प्यात आणि आतड्याचे दुसऱ्यात ठेवले. रुग्ण असे कप्पे पाळत नाहीत. छातीत जळजळ होते, तपासणीत आम्ल प्रमाणातच निघते, आणि त्याच माणसाचे पोटही वर्षानुवर्षे बिघडलेले असते. १९७३ मध्ये रिची यांनी मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. साठ मिलिलिटरला निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखले, निरोगी माणसांपैकी मोजक्यांनाच. १९९५ मध्ये एडिंबरोच्याच संशोधकांना आढळले की अशा रुग्णांची अन्ननलिकाही फुग्याचा ताण लवकर जाणवून घेते. आतडे बिघडलेल्याचा घसाही हळवा असतो! व्हाइटच्या ‘सहानुभूती’ला त्याच्याच गावात दोन शतकांनी आकडे मिळाले, असे आम्हांस गमतीने म्हणावेसे वाटते. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीने या सर्व विकारांना ‘आतडे आणि मेंदू यांच्या परस्परक्रियेचे विकार’ असे एकत्र नाव दिले.

दुर्बिणीत काही दिसले नाही की ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून परतणारे रुग्ण आजही आहेत. अँडरसन यांचा युक्तिवाद तेथे जिवंत आहे. फरक इतकाच की आता ठपका चेटकिणीवर न येता रुग्णाच्या मनावर येतो.

म्हणून मेरी ग्लोव्हरला आजच्या आजाराचे नाव देण्याचा मोह मात्र आम्ही टाळतो. रोमच्या व्याख्येतील घशाचा गोळा गिळण्यास अडथळा करत नाही, आणि मेरीला तर घासच उतरत नव्हता. तिच्या बाबतीत जॉर्डनलाही शेवटी जिंकता आले नाही: १६०२ च्या डिसेंबरात प्युरिटन मंडळींनी तिच्यासाठी उपवास आणि प्रार्थना केल्या, ती बरी झाली, आणि तिचे पोट व घसा ही चर्चमधल्या दोन पक्षांच्या भांडणाची बाब झाली.