नोटेंतला रंगपालट

नाशिक म्हटलें कीं गोदावरी, पंचवटी आणि सिंहस्थ यांचें स्मरण होतें. परंतु नाशिकरोडच्या छापखान्याशीं प्रकाशशास्त्राचाही एक अध्याय जोडलेला आहे, याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

१९२८ पर्यंत हिंदुस्थानच्या चलनी नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून छापून येत. त्या वर्षीं हें काम नाशिकास सुरू झालें, आणि १९३२ पर्यंत देशाच्या सर्व नोटा येथेंच निघूं लागल्या. पण नोट छापणें निराळें आणि तिची नक्कल होऊं न देणें निराळें. दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं १० रुपयांच्या नोटेची इतकी हुबेहूब नक्कल केली कीं, सरकारास जलचिन्ह बदलावें लागलें, राजाचें एका बाजूचें चित्र काढून समोरचें घालावें लागलें. कागदांत सुरक्षा-धागाही त्याच काळांत प्रथम आला.

२०१६ पासूनच्या ५०० रुपयांच्या नोटेंतील धागा, नोट कलतांच, हिरव्याचा निळा होतो. अशा रंगपालटाची एक सर्वमान्य रीत अशी: चकचकीत धातूवर पारदर्शक थर, आणि त्यावर धातूचाच अर्धपारदर्शक पडदा. मधला थर मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ असतो. वरून व खालून परतलेल्या लहरींपैकीं ज्यांचें पाऊल जुळतें त्या बळावतात, इतर मावळतात. नोट कलली कीं जुळणारी लहर आंखूड, म्हणजे निळ्याकडची होते. रंगद्रव्याचा येथें संबंध नाहीं. धातू अतिसूक्ष्म झाला कीं त्याचा ओळखीचा रंग सुटतो, हें फॅरडेनें १८५७ मध्यें सोन्यावर दाखविलें होतें: पातळ वर्खांतून प्रकाश हिरवा येतो, तर पाण्यांत विखुरलेले सूक्ष्म कण माणकासारखे लाल दिसतात.

या विद्येचें मोल कोणास? लासलगांवीं कांदा विकून नोटा मोजणाऱ्या शेतकऱ्यापाशीं सूक्ष्मदर्शक नसतो, आणि खोटी नोट बँकेंत जप्त झाली तर तिचा मोबदला मिळत नाहीं. त्याच्या हाताच्या एका कलण्यांत प्रयोगशाळा सामावलेली आहे. परंतु नोट कलवून पाहावी हें त्यास सांगितलेंच नाहीं तर ती व्यर्थ होय. शाळेंत व बाजारांत हा धडा दिला जावा, असें आम्हांस वाटतें.